लिंबूटिंबू

चोपड्याला मे महिन्यात दुपार
साडेदहालाच व्हायची.
खिडकीला ओलं गोणपाट, दाराला वरची कडी,
कडीला सुतळीची गाठ.
ही गाठ आईची, म्हणजे ती सुटायची नाही.

आत फरशीवर कोळशाने आखलेली पंचवीस घरं,
पाचांत फुल्या.
चिंचोके निंबा आणायचा, ओट्यावर घासून
दोन फाका केलेले : एक अंग पांढरं, एक तपकिरी.
चारी पांढरे पडले तर चंग, चारी उपडे तर अष्टा.
हुसना तडवीच्या सोंगट्या हिरव्या काकणाच्या,
कुंदनच्या सरक्या, मुरलीची शर्टाची बटणं,
(त्यातली दोन अंगातल्या शर्टाची)
आणि निंबाचे ज्वारीचे दाणे.
निंबा हरायला लागला की एक दाणा
तोंडात टाकायचा
आणि म्हणायचा, ही पोचली घरी.

चौघांचा डाव. मी पाचवी.
चिंचोका पलंगाखाली गेला
की सरपटत जाऊन काढणारी.
तिथल्या अंधारात गार लागायचं, म्हणून मी
एक चिंचोका मुद्दाम उशिरा सापडवायची.

कुणाला तरी मारल्याशिवाय
आतल्या घरांत जाता येत नाही,
असं मुरलीने मला समजावलं होतं.
मी ते फार दिवस
आमच्या माजघरालाही लावत होते.

पाचला सुतळी सुटायची.
पाय भाजायचेच, तरी कुणी चप्पल घालायचं नाही.
लगोरीला कौलांच्या खापऱ्या,
विटी बाभळीची, ती हमखास
गुजरांच्या धाब्यावर जायची
आणि तिथल्या पापडांत पडायची.
पापडांचा एक वेगळाच खेळ मग सुरू व्हायचा,
त्यात पळणारे सगळे.

मी मात्र लिंबूटिंबू.
माझा आउट धरायचे नाहीत.
पण मी कुणाला टिपलं तर तेही धरायचे नाहीत.
एकदा मी चेंडू मुद्दाम पाठीवर घेतला,
चांगला सणसणीत, वळ उठला.
कुणी ओरडलं नाही.
कुंदन म्हणाला, बाजूला हो गं, नेम चुकतो.

मग आखाजीला धरणगावहून
कुंदनचा आतेभाऊ आला. त्याचं नाव
आता आठवत नाही, दात पुढे होते.
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.
लपाछपीत त्याने मला हौदामागे गाठलं,
डोक्यावर टप्पल मारली आणि बोंबलला :
आउट!

सगळे बाहेर आले. मुरलीने तोंड उघडलं.
हुसना त्याच्याआधी बोलली :
आउट शे ना मंग. आते तिनावर राज्य.

माझ्यावर राज्य.
मी रडले, तर मुरलीला वाटलं, टप्पल लागली.

केळीचा ट्रक उभा होता नाक्यावर,
दिल्लीला जायचा, अर्धा भरलेला.
त्याच्या फाळक्याला कपाळ टेकवून शंभर म्हणायचे.
मला वीसपर्यंतच येत होतं.
पाचदा म्हण, हुसना म्हणाली, आणि पळाली.
लाकूड अजून तापलेलं. केळीच्या चिकाचा वास.
तो चीक माझ्या फ्रॉकला लागला
आणि कधीच निघाला नाही.
आई वर्षभर बोलत होती,
मी वर्षभर तोच फ्रॉक मागत होते.

पाचव्या विसाला वळून पाहिलं.
ट्रकचा क्लीनर सोडला तर गल्लीत कुणी नाही.
दोरीवर एक लुगडं, लगोरीची पडलेली खापरं,
कुंदनची एक चप्पल (आज घातली होती लबाडाने).
सगळेच्या सगळे
माझ्यापासून लपलेले.

कुठल्याशा ओसरीआडून
ज्वारीचा दाणा चावल्याचा आवाज आला.
निंबा कुठे आहे ते मला कळलं.

पण मी जरा वेळ
तशीच उभी राहिले.